वराट सरांचं ढगावरचं सीमोल्लंघन

"उपग्रह चुकतोय," असं प्राध्यापक गहिनीनाथ वराट यांनी जाहीर केलं आणि मिशीला पीळ दिला.

ही घोषणा त्यांनी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये केली, सावेडीच्या भाजीबाजारात केली, स्कूटरचं पंक्चर काढून घेताना पंक्चरवाल्यापाशी केली आणि शेवटी नगरच्या एका दैनिकाच्या वार्ताहराला गाठून त्याच्यापाशीही केली. वराट सर पदार्थविज्ञान शिकवायचे. मूळचे जामखेडकडचे. तिकडे ढग दिसला की माणसं हातातलं काम टाकून अंगणात येऊन बघतात, त्यामुळे ढगांतलं आपल्याला कुणापेक्षा कमी कळतं असं सरांना कधी वाटलंच नाही. आणि मिशी तर अशी, की वर्गात आधी ती शिरायची आणि मागून सर. वडलांच्या वळणाची होती. रोज सकाळी आरशापुढे उभं राहून सर तिला बोटभर तूप लावत, आणि त्या वेळी घरात कुणी त्यांच्याशी बोलत नसे.

भांडण होतं ढगांवरच्या धुळीचं. एक उपग्रह वरून खाली बघून हवेत तरंगणारे धुराचे आणि धुळीचे कण मोजत असे. मोकळ्या रानावर ते जमायचं. पण खाली पांढरेशुभ्र ढग असले आणि कण त्या ढगांच्याही वर तरंगत असले, की त्याची पंचाईत व्हायची. ढगाची चकाकी किती आणि कणांची काजळी किती, हे इतक्या लांबून कसं ठरवणार? तरी अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी आकडा काढला होता, आणि त्यांच्या हिशेबाने नगर जिल्ह्यातल्या ढगांवर कण अगदीच चिमूटभर होते. वराट सरांना हे पटेना. पुण्यापासून बीडपर्यंत जेवढ्या चुली, जेवढ्या वीटभट्ट्या, जेवढी गुऱ्हाळं, तेवढ्यांचा धूर काय एस.टी.त बसून मावशीकडे जातो? तो वर जातो आणि ढगांच्या डोक्यावर बसतो. चिमूटभर कसला, निदान दुप्पट तरी असणारच, असं त्यांचं म्हणणं होतं.

खरं-खोटं करायचा मार्ग एकच होता. उपग्रह नगरवरून जाईल त्याच वेळी विमान ढगांच्या वर न्यायचं, तिथली हवा ओढून घ्यायची, आणि तीत सापडतील ते कण मोजून उपग्रहाचा आकडा तपासायचा. हवा ओढायचं यंत्र सरांनी स्वतः बनवलं होतं. नरसाळ्यासारखं तोंड, त्याला वाकडी नळी, आणि नळीच्या शेवटी एका डबीत गाळणकागदाची पांढरी चकती. पुण्याच्या एका संस्थेने आठवडाभरासाठी छोटं विमान द्यायचं कबूल केलं. आणि अहमदाबादहून उपग्रहाची बाजू घेऊन आली डॉ. यशोधरा साळवे. नगरचीच मुलगी, आणि एके काळची वराट सरांची विद्यार्थिनी.

स्टाफरूममध्ये ती सरांच्या पाया पडली आणि मग सरळ मुद्द्यावर आली. "सर, आमचा आकडा चुकला असेल तर तो मी स्वतः बदलीन. पण विमान जे सांगेल ते तुम्हालाही मानावं लागेल."

"मानेन की. उपग्रह बरोबर निघाला, तर ही मिशी उतरवीन."

वार्ताहर तिथेच चहा पीत होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मिशी छापून आली आणि कणांचा मजकूर तिच्याखाली दोन ओळींत उरकला. त्या दिवसापासून नगरला कणांशी काही देणंघेणं उरलं नाही. मिशी राहते की जाते, एवढंच जो तो विचारू लागला.

विमान उतरलं ते खंडेनवमीच्या सकाळी. एका साखर कारखान्याने पुढाऱ्यांच्या सोयीसाठी धावपट्टी करून ठेवली होती, आणि तिच्यावर विमानांपेक्षा आसपासच्या लोकांची बाजरीच जास्त वेळा उतरलेली असे. ती गोळा करून पट्टी झाडून ठेवायचं काम बन्सी पहारेकऱ्याने केलं होतं. विमान थांबताच तो ताट घेऊन पुढे आला. ताटात नारळ, हळदीकुंकू, झेंडूची फुलं.

"सायेब, आज हत्यारं पुजायचा दिस. इमानाला नारळ फोडतो आन दोन उदबत्त्या लावतो."

वराट सर दोन्ही हात पसरून विमानाच्या आडवे उभे राहिले. आपण इथे हवेतले कण मोजायला जमलोय आणि तू कणांची पेटवलेली काडी घेऊन येतोस, असं त्यांनी बन्सीला चांगलंच सुनावलं. एका उदबत्तीतून किती कण निघतात, कल्पना आहे का, असं विचारलं. बन्सीला कल्पना नव्हती, पण वास लई ग्वाड येतो एवढं त्याने सांगितलं. सरांनी ताट परत पाठवलं, नारळ परत पाठवला, वैमानिकाने पेटवायला काढलेली सिगारेटसुद्धा खिशात परत घालायला लावली. विज्ञानात शिस्त लागते, असं ते यशोधराकडे बघून म्हणाले, आणि यशोधराने आदराने मान हलवली.

मग यंत्र रात्री कुठे ठेवायचं हा प्रश्न आला. पट्टीच्या कडेला एक शेड होतं. त्याला चौकट होती, दार नव्हतं. बन्सीचं गाव शनिशिंगणापूर, त्यामुळे या शेडला काही कमी आहे हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"ठिवा की हितंच. कोन हात लावत न्हाई," तो म्हणाला.

"शनिमहाराज चोराकडे बघतील रे बाबा, धुळीकडे कोण बघणार?" असं म्हणून सरांनी यंत्र उचललं, स्कूटरवर दोन पायांच्या मधे ठेवलं आणि थेट सावेडीला घरी आणलं. जगातली सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे आपलं घर, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

घरी त्यांची आई बनुबाई दसऱ्यासाठी जामखेडहून आलेल्या होत्या. देवघरापुढे त्यांनी पाट मांडून विळी, कोयता, शुभांगीचं शिवणयंत्र, सरांची कंपासपेटी असं सगळं रांगेत लावलं होतं आणि मुलाची वाट बघत बसल्या होत्या. शुभांगी, म्हणजे सरांची बायको, आत पुरण वाटत होती. सरांनी यंत्र पाटावर ठेवलं, कारण घरात त्याहून स्वच्छ जागा नव्हती. अंघोळ करून आले, बसले आणि पूजेला लागले. हात हळदीकुंकवात, डोकं ढगात. उद्या उतरल्यावर वार्ताहरापुढे काय बोलायचं, 'विजय' शब्द पहिल्या वाक्यात घ्यायचा की शेवटी राखून ठेवायचा, याचा विचार चालला होता. मधे आईने काहीतरी विचारलं, सर 'हूं' म्हणाले. आरती झाली, पुरणपोळी झाली, आणि सर तूप ओरपून गाढ झोपले.

दसऱ्याच्या सकाळी शुभांगीने यंत्र धुतलेल्या पंच्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिलं. सरांनी धावपट्टीवर रबरी हातमोजे घालून, श्वास रोखून, चिमट्याने गाळणकागदाची कोरी चकती डबीत बसवली आणि यंत्र विमानाला जोडलं. लोक आज गावाची शीव ओलांडून सीमोल्लंघन करतात, आपण ढगांची ओलांडणार, असं ते सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. विमानात बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. चेहऱ्यावर त्यांनी ते दिसू दिलं नाही, फक्त पुढच्या सीटची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. पण ढग खाली गेले, वर निळं आभाळ लागलं आणि उपग्रहाची वेळ झाली, तशी त्यांनी ती सोडून दिली. त्यांनी कळ दाबली आणि यंत्र घुर्र करून हवा ओढू लागलं.

खाली उतरल्यावर डबी उघडली. काजळीचा राखाडी डाग दिसायला हवा होता. चकती पिवळीजर्द होती आणि मधेमधे लालभडक.

वराट सरांनी डबी उन्हात धरून बघितली. मग मिशी थरथरली. "अरबस्तान!" ते ओरडले. वाळवंटातली पिवळी वाळू, तीत लाल लोहाचे कण, वाऱ्यावर समुद्र ओलांडून नगरच्या ढगांवर! उपग्रहाच्या आकड्याच्या दुप्पट कसले, हे तर वीसपट निघाले. सोनं लुटायच्या दिवशी खरंच सोनं सापडलं होतं.

यशोधरा चकतीकडे बराच वेळ बघत राहिली. "सर, वाळू इतकी पिवळी असते?"

"अरबांची असते."

तिने उद्या पुन्हा उडून बघू असं सुचवलं. विमान आठवडाभर होतंच. पण सरांनी उरलेली सगळी उड्डाणं रद्द करून टाकली. एकदा सिद्ध झालं ते झालं, पुन्हा पुन्हा सिद्ध करायला आपण काही वकील नाही, असं ते म्हणाले.

मग जे सुरू झालं ते कुणाच्या हातात राहिलं नाही. दैनिकाने 'नगरच्या आकाशी अरबी वाळू' असा मथळा दिला. सावेडीतल्या रिक्षावाल्यांनी हुडावर बोट फिरवून पिवळं निघतं का ते बघायला सुरुवात केली. जामखेडहून सरांच्या चुलतीचा फोन आला, की कुरडया गच्चीवर घालू का वाळू पडंल. कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी तर याहून पुढचा विचार केला. जिथं अरबांची वाळू येते तिथं मागोमाग पेट्रोल यायला किती वेळ, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी स्वतः खर्च करून विमान परत जायच्या आदल्या दिवशी कॉलेजच्या सभागृहात वराट सरांचा जाहीर सत्कार ठेवला.

सभागृह भरून गेलं. पहिल्या रांगेत बनुबाई इरकल नेसून बसल्या होत्या, शेजारी शुभांगी. बन्सीलाही बोलावणं होतं, तो शेवटच्या रांगेत उभा होता. मंचावरच्या टेबलावर यंत्र आणि ती पिवळी चकती सगळ्यांना दिसेल अशी मांडली होती. सरांनी शाल पांघरून, नारळ कुशीत धरून भाषण केलं आणि 'विजय' शब्द पहिल्या वाक्यातही घेतला आणि शेवटच्याही. टाळ्या थांबल्यावर यशोधरा उठली. दोन दिवस ती कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून बसली होती. तिने हलक्या आवाजात शिपायाला थोडं साबणाचं पाणी आणायला सांगितलं.

चकतीची एक कड कापून तिने तिच्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला. पिवळं होतं ते बघता बघता लाल झालं. सभागृहात जेवढ्या बायका होत्या तेवढ्यांनी हा रंग आयुष्यभर पदरावर, पंच्यावर, पोराच्या सदऱ्यावर बघितलेला होता. पहिल्या तीन रांगांत कुजबुज सुरू झाली.

"लोह आहे त्यात, लोह," सर म्हणाले.

यशोधराचा चेहरा पडला होता. आपल्या सरांना असं उभं बघायला तिला मुळीच आवडत नव्हतं. "सर, नळी उलटी करू का?" तिने विचारलं. सरांनी ऐटीत परवानगी दिली. तिने नरसाळ्याचं तोंड खाली करून नळी टेबलावर ठोकली. आतून कुंकवात माखलेले तांदूळ पडले, आणि त्यांच्या मागून झेंडूची एक पाकळी सावकाश तरंगत खाली आली.

"अरबस्तानात तांदूळ पिकतो का हो?" चेअरमनसाहेबांनी प्राचार्यांना हळूच विचारलं, पण समोर माईक होता.

वराट सरांचा चेहरा कुंकवाच्या रंगाचा झाला. कुणी तरी घात केला होता! त्यांची नजर थेट शेवटच्या रांगेत गेली आणि ते बन्सीवर कडाडले. शिस्त सांगितली होती, परत पाठवलं होतं, तरी माझ्या माघारी पूजा केलीसच ना!

"मला तर उदबत्ती बी लावू दिली न्हाई सायेब," बन्सी म्हणाला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून बनुबाई उठल्या. "गहिनी, त्या गरिबावर कशाला वरडतो? तूच केलं की रं."

"मी?"

"मग कोन? पाटावर मांडलेलं समदं तूच पुजलं. मी इचारलं, ह्या नरसाळ्यात बी टाकायच्या का अक्षता, तर तू हूं म्हनला. चांगली मूठ भरून टाकली. वर हळदीकुकू बी सढळ हातानं घातलं. मला लई बरं वाटलं, म्हनलं पोरगं शिकलं पर इसरलं न्हाई."

शुभांगी मान खाली घालून म्हणाली, "बाहेरून मी पुसलं होतं हो. आत हात जाईना."

सभागृह असं हसलं की बाहेर सायकली लावणारी पोरं आत धावत आली. वराट सरांनी शाल काढून घडी केली, नारळावर ठेवली आणि बाजूच्या दाराने निघून गेले. लाजेने त्यांना धरणी ठाव देईना. यशोधरा माईकपाशी धावली. यंत्रात हळद निघाली म्हणजे उपग्रह बरोबर निघाला असं नाही, त्याची तपासणी अजून व्हायचीच आहे, आणि उद्या सकाळी विमान जायच्या आधी एक उड्डाण होऊ शकतं, असं तिने कळकळीने सांगितलं. पण ते ऐकायला सर तिथे होते कुठे?

सर चौकातल्या कानिफनाथच्या सलूनमध्ये बसले होते. वराटांचा शब्द म्हणजे शब्द. हरायचं तर तेही पूर्ण आत्मविश्वासाने, मागे वळून बघायचं नाही. कानिफनाथने तीनदा विचारलं, सरांनी तीनदा 'हो' म्हटलं. चौथ्यांदा त्याने वस्तरा चालवला.

"सर, थांबा!" यशोधरा धापा टाकत दारात आली. "उपग्रह अजून बरोबर ठरलेला नाही. उद्या पुन्हा उडायचंय."

सरांनी वळून बघितलं. उजवीकडची मिशी जागेवर होती. डावीकडची टॉवेलवर पडली होती. कानिफनाथ वस्तरा हवेत धरून उभा होता, आणि आता काय करू असं त्याने अगदी नम्रपणे विचारलं. सरांनी आरशात आधी एक बाजू बघितली, मग दुसरी. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुठलंच ठाम मत सुचलं नाही.

"घे काढून," शेवटी ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यात खरंच पाणी आलं.

संध्याकाळभर यशोधरा आणि शुभांगीने मिळून यंत्र धुतलं. नळीतून आधी साबण, मग स्पिरिट, मग पुन्हा पाणी. ते प्लास्टिकच्या पिशवीत बंद केल्यावर कुठे ठेवायचं, असा प्रश्न आलाच. "बन्सीच्या शेडमध्ये," सर म्हणाले. "आमच्या घरात नको."

सकाळी सर पट्टीवर पोचले तर बन्सीने काठी आडवी धरली. विमानापाशी कुणालाच सोडायचं नाही, अशी वराट सायबांची ताकीद होती.

"अरे, मीच वराट."

"ते मिशीवालं हायेत. तुमी कोन पावनं?"

सर भडकले. शिस्तीचा अर्थ कळतो का, आणि तुझ्या खिशात ती उदबत्ती कशाला, असं त्यांनी तारस्वरात विचारलं. तो आवाज ऐकताच बन्सीने काठी खाली घेतली आणि हात जोडले. ढग सुदैवाने जागेवर होते. विमान वर गेलं, उपग्रह डोक्यावरून गेला, यंत्राने हवा ओढली. या खेपेला चकती राखाडी निघाली, एखाद्या चुलीमागच्या भिंतीसारखी. यशोधराने काजळी मोजली, उपग्रहाच्या आकड्याशी ताडून बघितली, गणित खोडून पुन्हा पहिल्यापासून केलं आणि मग हसली.

"सर, दुपटीहून जास्त. आमचाच आकडा चुकत होता. ढगाच्या चकाकीत तुमचा धूर हरवत होता. मी आजच अहमदाबादला कळवते."

वराट सर ताठ उभे राहिले. म्हटलं नव्हतं का, असा चेहरा करून त्यांनी सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं, आणि विजयाचा पीळ द्यायला हात वर नेला. हात ओठावर गेला, इकडेतिकडे चाचपला आणि नाक खाजवून खाली आला.

दुसऱ्या दिवशीच्या दैनिकात 'वराट सर जिंकले, मिशी वाचली!' असा ठळक मथळा होता. वार्ताहराने घाईत जुनाच फोटो छापला होता, पिळदार मिशीचा. सरांनी तो कापून पाकिटात ठेवला आणि पिशवी घेऊन सावेडीच्या भाजीबाजारात गेले, म्हटलं लोक काय म्हणतात ते तरी ऐकू. मेथीची जुडी निवडत असतानाच चेअरमनसाहेबांची गाडी येऊन थांबली. काच खाली झाली. चेअरमनसाहेबांनी सरांकडे निरखून बघितलं.

"तुम्ही वराट सरांचे धाकटे बंधू का? चेहरा अगदी तोच आहे, नुसता तो रुबाब नाही. भाग्यवान आहात. आमचा नमस्कार सांगा त्यांना, आणि म्हणावं, मिशी वाचली याचा सगळ्या जिल्ह्याला आनंद झाला."

वराट सरांनी मेथीची जुडी पिशवीत टाकली.

"सांगतो," ते म्हणाले.